थोरल्याची मोजदाद

थोरल्याचा अधिकृत इतिहास एकशे बारा पानांचा आहे. त्यातल्या साडेतीन ओळी स्नेहल इंगवलेच्या तोंडच्या आहेत आणि त्या साफ खोट्या आहेत. बाकीची पानं खरी असावीत. म्हणून आधी ती.

*पान ७*

उंची साडेचौदा मीटर, म्हणजे चार मजली इमारत. पाय सहा. कागदोपत्री नाव पर्वत-३. साडेपाच हजार मीटर उंचीवर हवा इतकी विरळ की हेलिकॉप्टर निम्मंच वजन उचलतं, रणगाड्याला धाप लागते. ड्रोन सोडावेत तर दोन्ही बाजूंनी रेडिओलहरी गढूळ करून ठेवलेल्या, ते भलतीकडेच भरकटतात. अशा जागी चाक हरतं आणि पाय जिंकतो. यंत्राच्या पोटात किरणोत्सारी धातूचा गोळा आहे. तो आपला आपण विझत जातो आणि विझताना ऊब देतो. त्या उबेवर यंत्र तीस वर्षं चालतं. इंधन नको, हवा नको, झोप नको. तळपायांत कंपनं टिपणाऱ्या पट्ट्या आहेत. दीड कोसावरचा माणूस कसा चालतो हे त्याला जमिनीतून ऐकू येतं, आणि एकदा ऐकलेली चाल ते विसरत नाही.

वापर असा: गोळीबारात यंत्र पुढे, सहा जणांची तुकडी त्याच्या आड. कुणी पडला की यंत्र त्याच्यावर येऊन गुडघे मोडतं आणि पोटाच्या पाळ्या जमिनीला टेकवतं. जवान याला बसकण म्हणत. खुडूक कोंबडी बसते तशी. सात लढायांत एक्केचाळीस माणसं त्या पोटाखालून जिवंत परत आली. पर्वत-३ हे नाव मग कुणीच घेईना. सगळे त्याला थोरला म्हणू लागले.

*

त्या दुपारी स्नेहलच्या गिरणीत बाजरी चालू होती. दारात उभा राहिलेला लष्करी माणूस काहीतरी बोलत होता, पण पट्ट्याच्या आवाजात नुसतं तोंड हलताना दिसत होतं. तिनं बटण बंद केलं. पट्टा हळूहळू थांबला.

"मेजर बर्वे," तो पुन्हा म्हणाला. "आणि या डॉक्टर—"

"मी सांगते," त्याच्या मागची बाई पुढं आली. पन्नाशीची, कपाळावर घामाची धार. "वहिनी, मी रुक्साना मुजावर. कराडची. थोरल्याला मराठी मी शिकवलं."

"मग नीट शिकवायचं होतं," स्नेहल म्हणाली. "आमचं माणूस आठ वर्षं येत नाही आणि तुमचं यंत्र आठ वर्षं हलत नाही. दोघं एकमेकांवर अडून बसलेत."

रुक्साना पिठाच्या डब्यावरच बसली. "म्हणूनच आले," ती म्हणाली.

*पान ३१*

दुसऱ्या मोहिमेत शत्रूनं रेडिओवर कॅप्टनचा आवाज हुबेहूब काढला. "डावीकडे वीस पावलं." पर्वत-१ डावीकडे वीस पावलं चालला आणि तुकडीसकट दरीत गेला. त्यानंतर नियम बदलले. रेडिओवरचं काहीही खरं मानायचं नाही. हुकूम समोर उभं राहून, उघड्या तोंडानं दिलेलाच मानायचा. आणि मोजदाद पुरी झाल्याशिवाय जागा सोडायची नाही. मोजदाद म्हणजे सहापैकी प्रत्येक माणूस एकतर परत आलेला पाहिजे, नाहीतर मेलेला. मेला असेल, तर ज्यानं पाहिलं त्यानं समोर येऊन सांगितलं पाहिजे.

*तळटीप, पान ३२*

तुकडीतल्या प्रत्येकाच्या घरच्या एका माणसाचा आवाज यंत्रात भरलेला असतो. जखमी जवान ग्लानीत जाऊ लागला की यंत्र तो आवाज त्याच्या कानाशी लावतं. माणूस जागा राहतो. या कारणानं तुकडीबाहेरच्या ज्या मोजक्या लोकांना यंत्र ओळखतं, ते म्हणजे हे घरचे आवाज.

*

तिचा आवाज त्यांनी चाळीस मिनिटं भरून घेतला होता. नवं लग्न. काय बोलावं सुचेना, म्हणून तिनं पाणीपुरवठ्याच्या टाकीवरून गावात झालेलं भांडण पहिल्यापासून सांगितलं होतं. सुशांत बाजूला उभा राहून हसत होता, तेही त्यात आलं होतं.

"पहिल्या चाचणीला," रुक्साना सांगत होती, "एक जवान थोरल्याच्या पोटाखालून बाहेर पडताना म्हणाला, 'येतो.' थोरल्यानं पोटाची पाळी वर उचलून धरली. कोण येतंय याची वाट बघत. सगळे हसले. मग मी त्याला शिकवलं, आपला माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. म्हणजे तो गेला असं धरायचं नाही. परतणार असं धरायचं. मला फार अभिमान वाटला होता त्याचा."

"बरोबरच आहे की ते."

"हो. पण पुढचं शिकवायचं राहिलं. आपण माणूस मेला तर 'मेला' म्हणत नाही ना. 'गेला' म्हणतो. आठ वर्षं आम्ही लांबून भोंग्यावरून सांगतोय, 'इंगवले गेले, इंगवले गेले.' तो दर वेळी एकच उत्तर देतो. 'माहीत आहे. येणार आहे.'"

स्नेहलला हसू आलं, तिनं तोंडावर पदर धरला.

मेजर बर्व्यांनी उरलेलं सांगितलं. शेवटच्या लढाईत तुकडीतले पाच जण पडले. ते पोटाखालीच वारले, त्यांचं काळीज थांबलेलं थोरल्यानं स्वतः ऐकलं, त्यांची मोजदाद झाली. सहावा, हवालदार सुशांत इंगवले, बाहेर होता. मग युद्धबंदी झाली. थोरला मात्र त्या खिंडीत उभा राहिला तो राहिलाच. ओळखीचा नसलेला जो कोणी जवळ गेला त्याच्यावर त्यानं गोळी झाडली. तीन मेंढपाळ गेले त्यात. आता तहाची मुदत संपत आली होती. महिनाअखेर खिंड मोकळी झाली नाही तर पलीकडचे थोरल्याला उडवणार. पोटातला धातू खालच्या ओढ्यात उतरणार, आणि त्या ओढ्याचं पाणी दोन्हीकडची गावं पितात.

"अकरा दिवस आहेत," मेजर म्हणाले. "तुम्ही जायचं, दोन वाक्यं बोलायची. 'सुशांत मेला. मी पाहिलं.'"

"मी कुठं पाहिलं?"

मेजर थांबलेल्या पट्ट्याकडं बघू लागले.

"आणि तो दुसरा शब्द," स्नेहल म्हणाली, "तो आमच्या घरात उंदराला वापरतात."

*

सासूला ती आत्या म्हणे. आत्यांनी तहसीलदाराचा कागद दोनदा फाडला होता. कागदावर एकच ओळ होती: *गेल्या सात वर्षांत सदर व्यक्ती जिवंत असल्याचे मी ऐकलेले नाही.* सही केली की माणूस कायद्यानं मेला.

"ऐकलं न्हाई हे खरं हाय," आत्या म्हणत. "पर मी बहिरी असंन. तेवढ्यापायी पोराला मारू व्हय?"

स्नेहलचा भाऊ विट्याच्या एका मास्तरचं स्थळ घेऊन दोनदा येऊन गेला होता. त्या कागदावाचून ते पुढं सरकणार नव्हतं. स्नेहलनं त्याला हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. त्याविषयी सासूसुना कधी बोलल्या नाहीत. एका घरात दोन बायका एका बेपत्ता माणसाभोवती फिरत होत्या. जात्याच्या खुंट्याभोवती फिरावं तशा.

ती निघाली तेव्हा आत्या तूर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्या यंत्राला इचार, त्यानं काय बघितलं. ह्या लोकांस्नी इचारू नगंस."

*

त्या खिंडीला जवानांनी निळखिंड म्हटलं होतं, नकाशात नुसता आकडा होता. सकाळचं ऊन इतकं लख्ख की दगडाला हात लावला तर थंड आणि डोळ्याला भाजका. जमिनीवर चुन्याची रेघ मारलेली होती. रेघेच्या पुढं गेलेलं आठ वर्षांत कुणी परत आलं नव्हतं.

रुक्सानानं तिच्या अंगावरची लहरी सोडणारी प्रत्येक वस्तू काढून घेतली. फोन, घड्याळ, कानातला इअरफोन. "आम्हाला काही ऐकू येणार नाही," ती म्हणाली. "दोनशे पावलं आहेत. तुमची चाल त्याला माहीत नाही, आवाज माहीत आहे. त्यामुळे गप्प बसायचं नाही. बोलत राहायचं."

"काय बोलू?"

"नवऱ्याशी बोलायचा ते."

"नवऱ्याशी मी भांडायचे."

"मग भांडा."

चारचौघांत ती त्याला अहो म्हणे. दोघंच असली की अरे. तिनं रेघ ओलांडली आणि म्हणाली, "अरे, गिरणीचा पट्टा तीनदा तुटला. तीनदा मीच बसवला. तुझी आई म्हणते कापसाचा पट्टा बरा होता, तिला कोण सांगणार कापसाचा आता मिळत नाही." पाच पावलं. दहा. "टाकीवरचं भांडण मिटलं. पाटलाच्या पोरानं भाडळ्यांची पोरगी केली, मिटवावंच लागलं." पुढं काहीतरी वळलं. लांब, बारीक, काळी नळी. तिच्या छातीच्या रेषेत येऊन थांबली. "विहिरीला पाणी आहे. लिंब पाडला. पाडला म्हणजे वाऱ्यानं पडला, मी पाडला नाही, तू म्हणशील हिनंच पाडला." शंभर. श्वास पुरेना. हवाच नव्हती. "दात काढलाय मी एक. डावीकडचा." दीडशे. नळी खाली झाली.

तेव्हा तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. पाठीवर पक्ष्यांनी घरटी केली होती. पायांवर शेवाळासारखं काही पिवळं चढलं होतं. पुढच्या डाव्या पायावर तैलरंगात सहा नावं लिहिलेली होती, आणि पाच नावांवर खिळ्यानं ओढावी तशी आडवी रेघ. ती कुणी ओढली? इथं तर कुणी आलंच नव्हतं.

"सुशांतच्या घरचं माणूस," थोरला म्हणाला.

शब्द रुक्सानानं शिकवले असतील. बोलायला मात्र तो त्या सहा जणांकडून शिकला होता. शेवटचं अक्षर गिळायची लकब सुशांतची होती. स्नेहल जागेवर उभी राहिली.

"व्हय," ती म्हणाली.

"तो बाहेर गेलाय. येतो म्हणालाय."

निघायच्या आधी चार दिवस तिनं तो शब्द गिरणीत घोटला होता, पट्टा चालू असताना, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आता इथं वाराही नव्हता.

"सुशांत मेला."



"कुणी पाहिलं?"

"मी."

"कुठं?"

"हितंच. खिंडीत. छातीला लागलं." मेजरनी शिकवल्याप्रमाणं.

"न्हाई," थोरला म्हणाला. त्यात राग नव्हता. चुकलेली बेरीज दाखवावी तसं. "गोळीबार थांबून तीन तास झालं होतं. त्यानं हत्यार माझ्या पायापाशी ठिवलं. वर बघितलं. येतो म्हणाला. मग उत्तरेला, डोंगराच्या धारंकडं गेला. चौदाशे बारा पावलं मी मोजली. चाल जखमी माणसाची न्हवती. धारंवर एकदा थांबला. मग पलीकडं उतरला."

पायाशी खरंच होती ती. गंजलेली बंदूक, नीट आडवी ठेवलेली. दमून आलेला माणूस चपला काढून ठेवतो तशी.

पलीकडं. पलीकडं म्हणजे ज्यांच्याशी लढत होते त्यांच्याकडं. स्वतःच्या पायानं.

तिनं मागं वळून बघितलं. चुन्याच्या रेघेपाशी मेजर दुर्बीण लावून उभे होते. त्यांना फक्त तिचं तोंड हलताना दिसत असणार.

"तू म्हणतीस मेला. मी म्हणतो चालत गेला," थोरला म्हणाला. "दोन्ही कसं खरं असंल? कुठलं धरू?"

चालत गेलेलं धरलं, तर तो उभा राहणार. आठ वर्षं राहिला तसा, स्फोटाच्या क्षणापर्यंत. आणि मेजरना हे सांगितलं, तर सुशांत बेपत्ता राहणार नव्हता, फितूर होणार होता. माणसं त्याला शोधायला निघणार होती. कुठंतरी, कुठल्यातरी घरात, भाकरी खात बसलेल्या माणसाला.

का गेलास रे, असं तिला विचारायचं होतं. विचारायला समोर हे धूड होतं, आणि त्याच्या घशात सुशांतचा आवाज.

"दोन्ही धर," ती म्हणाली. "तू पाहिलंस ते खरं आहे. चालत गेला. मग घरी आला."

"घर दक्षिणेला हाय. तो उत्तरेला गेला."

"वाट चुकला. दोन वर्षं लागली यायला." एकदा पहिला दाणा पडला की जातं आपोआप फिरतं. "बुधवारचा बाजार होता. दाढी वाढलेली. मी ओळखलंच नाही आधी, वाटलं दळण घेऊन आलाय कुणी. गिरणीतच झोपला, पोत्यांवर, म्हणाला घरात गरम होतंय. ताप होता अंगात. कुळथाचं माडगं करून दिलं, दोन घोट घेतले. तीन दिवस होता. तिसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं दारात आली होती, तेव्हा मेला. मी पाहिलं. हात हातात होता माझ्या."

बोलताना तिला तो हात लागत होता.

"मला सांगाय का आला न्हाई?"

हा प्रश्न तिनं धरला नव्हता.

"लाजला," ती म्हणाली. "तुला सोडून गेला म्हणून लाजला."

घरट्यातून एक पक्षी उडाला आणि परत बसला.

"त्यात लाजाय काय झालं," तो शेवटी म्हणाला.

पोटाखालून एक बारीक हात बाहेर आला आणि सहाव्या नावावरून आडवा फिरला. धातूवर धातू घासल्याचा आवाज झाला. मग सहाही गुडघे मोडले, पाळ्या जमिनीला टेकल्या. खाली वाचवायला कुणीच नव्हतं, तरी तो हळूच बसला, कुणाला लागू नये असा. एक घरघर बंद झाली. ती इतका वेळ चालू होती हे ती थांबल्यावर कळलं.

ती परत आली तेव्हा रुक्सानाचे ओठ पांढरे पडले होते. "समजला ना त्याला शब्द?"

"समजला."

"इतका वेळ काय विचारत होता?"

"घरची चौकशी," स्नेहल म्हणाली.

*पान १०९*

बंद होताना पर्वत-३ आपली सारी स्मृती पुसून टाकतो, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून. त्यामुळे अखेरच्या संवादाचा आधार एकच. श्रीमती इंगवले यांचा जबाब: "खिंडीत छातीला गोळी लागून ते मेले असे मी त्याला सांगितले. त्याने फक्त कुठे एवढेच विचारले. मग घरची चौकशी केली आणि बसला. मला अधिक काही माहीत नाही."

*

घरी आल्यावर चौथ्या दिवशी ती गिरणीत पोत्यांच्या कडेनं चालत होती. तिथं कुणी झोपलेलं असावं आणि पाय लागू नये, तशी. दळणाला आलेल्या बाईला ती "हळू ठेवा ओ डबा" म्हणाली. बाईनं इकडं तिकडं बघितलं.

ते तीन दिवस तिच्यात राहायला आले होते. आठ वर्षांत सुशांतचा चेहरा झिजून पुसट झाला होता. आता तो दाढीसकट लख्ख दिसत होता. माडग्याचा वास येत होता. खऱ्या लग्नातलं एवढं काही उरलं नव्हतं जेवढं या तीन दिवसांत होतं.

दुपारी ती आत्यांना म्हणाली, "त्याची वाकळ उन्हात घालायची राहिली."

"कुणाची?" आत्या म्हणाल्या.

स्नेहल उंबऱ्यावर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. पावलं, बंदूक, धार, पलीकडं उतरणं. मग स्वतः काय बोलली तेही. आत्यांनी मध्ये एकदाच तोंड उघडलं.

"लंगडत न्हवता न्हवं?"

"नाही."

"बरं."

मग त्या बराच वेळ सूप हलवत राहिल्या, सुपात काही नसताना.

"तिकडं कुणीतरी आसंल त्याची," त्या म्हणाल्या. "उगं न्हाई कोण डोंगूर उतरत."

"असेल."

"तुला राग आला?"

"अजून नाही आला," स्नेहल म्हणाली. "येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तलाठी तिसऱ्यांदा कागद घेऊन आले. या खेपेला त्यांनी दोन प्रती आणल्या होत्या, एक फाडायला. ते लांबच उभे राहिले. आत्यांनी चष्मा मागितला. ती ओळ बोट ठेवून वाचली. *जिवंत असल्याचे मी ऐकलेले नाही.* आठ वर्षं ही ओळ खरी होती आणि त्यांनी सही केली नव्हती.

"कुठं करायची?" त्या म्हणाल्या.

तलाठ्यांनी जागा दाखवली. आत्यांनी शाळेत शिकवल्यासारखी, अक्षर सुटं सुटं काढत सही केली. तलाठी काहीतरी सांत्वनाचं बोलू लागले, तर त्या म्हणाल्या, "राहू दे बाबा. चहा घेऊन जा." ते चहा न घेता गेले.

"आत्या," स्नेहल म्हणाली.

"मेलेल्या माणसाला हुडकाय कोण जात न्हाई," आत्या म्हणाल्या. "मास्तरचा निरोप आला तर हो म्हण. मी हाय गिरणी बघाय."

दोघी ओट्यावर बसून राहिल्या. समोरून शाळेत जाणारी पोरं गेली, दुधाची गाडी गेली. आत्यांनी गुडघ्यावरच्या लुगड्याची सुरकुती सरळ केली, पुन्हा सरळ केली.

"ताप लई होता व्हय गं?" त्यांनी विचारलं.

स्नेहलनं त्यांच्याकडं बघितलं. आत्या समोर रस्त्याकडं बघत होत्या.

"हाताला चटका बसत होता," ती म्हणाली.

"मला हाक मारली का त्यानं?"

"मारली. दोनदा."

"मी कुठं होते?"

"शेजारीच होता तुम्ही. उशाशी."

आत्यांनी मान हलवली. आठवल्यासारखी.

"आन् शेवटचं पाणी कुणी पाजलं?"

"तुम्ही," स्नेहल म्हणाली.